डिजिटल कुलपे आणि स्वामित्वहक्काची मर्यादा

छापील पुस्तक आणि त्याच पुस्तकाची ई-आवृत्ती यांतील मजकूर सारखाच असतो. परंतु खरेदीदाराच्या हाती येणारे हक्क सारखे नसतात. छापील पुस्तक मित्राला वाचावयास देता येते. परीक्षा आटोपल्यावर ते कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विकता येते. त्यातील उतारा वहीत उतरवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ई-आवृत्तीच्या बाबतीत यांपैकी काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे बहुधा विक्रेत्याने त्या आवृत्तीवर बसविलेले एक अदृश्य कुलूप ठरविते. हे कुलूप उघडणे हा गुन्हा आहे काय? असल्यास कोणत्या परिस्थितीत? आणि ते उघडण्याचा हेतू कायदेशीर असेल तर? जगातील निरनिराळ्या देशांनी या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. भारताने 2012 मध्ये दिलेले उत्तर अनेक बाबतींत वैशिष्ट्यपूर्ण आहे.

नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन तिसऱ्या पत्रिकेत बौद्धिक संपदा हक्कांशी संबंधित मुद्द्यांचा समावेश आहे. पेटंट आणि औषधे यांचा अभ्यास विद्यार्थी सहसा करतात. डिजिटल कुलपांचा विषय मात्र मागे पडतो. वस्तुतः ज्ञान कोणाला, किती किमतीला आणि कोणत्या अटींवर मिळावे, हा या विषयाचा गाभा आहे.

स्वामित्वहक्कामागील अर्थशास्त्र

पुस्तक, संगीत, चित्रपट किंवा संगणक आज्ञावली तयार करण्याचा खर्च मोठा असतो. पण एकदा निर्मिती झाल्यावर तिची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च अत्यल्प असतो. एका वाचकाने कादंबरी वाचल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. तसेच, कायद्याचे संरक्षण नसेल तर पैसे न देणाऱ्याला उपभोगापासून दूर ठेवणेही निर्मात्याला कठीण जाते. अशा वस्तूंच्या बाबतीत बाजारपेठ पुरेशी निर्मिती घडवून आणू शकत नाही, हा मुद्दा अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1962 मधील आपल्या लेखात माहिती व संशोधनाच्या संदर्भात मांडला होता.

स्वामित्वहक्क म्हणजेच कॉपीराइट हा या अडचणीवरील उपाय होय. निर्मात्याला ठरावीक काळासाठी मक्तेदारी द्यावयाची आणि त्या मोबदल्यात पुढे ती कृती समाजासाठी खुली व्हावी, असा हा एक प्रकारचा करार आहे. ब्रिटनमधील 1710 च्या ॲन राणीच्या कायद्याने नव्या पुस्तकांना 14 वर्षांची मुदत दिली होती; लेखक हयात असल्यास ती आणखी 14 वर्षे वाढत असे. भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 मध्ये साहित्यकृतींसाठी लेखकाचे आयुष्य आणि त्यानंतर 50 वर्षे अशी मुदत होती. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपणार असताना ही मुदत 60 वर्षे करण्यात आली. त्यामुळे टागोरांचे साहित्य 2002 च्या प्रारंभी खुले झाले. साने गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले. म्हणून 'श्यामची आई' हे पुस्तक 1 जानेवारी 2011 पासून भारतात कोणालाही छापता येते.

मुदत ही या मक्तेदारीची पहिली मर्यादा होय. अधिनियमाच्या कलम 52 मधील अपवाद ही दुसरी मर्यादा. खासगी वापर व संशोधन, टीका व समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्तांकन, शिक्षणक्रमातील अध्यापन, ग्रंथालयातील जतन अशा अनेक हेतूंसाठी या कलमान्वये परवानगीविना वापर करता येतो. दिल्ली विद्यापीठातील अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील निवडक पानांच्या छायाप्रतींचे संच तयार करण्यास विदेशी प्रकाशकांनी आव्हान दिले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये याच कलमातील शिक्षणविषयक अपवादाचा आधार घेतला. तिसरी मर्यादा म्हणजे, एकदा विकलेल्या छापील प्रतीच्या पुनर्विक्रीवर निर्मात्याचा ताबा राहत नाही. जुन्या पुस्तकांचा बाजार याच तत्त्वावर उभा आहे आणि मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचा तो मोठा आधार आहे.

डिजिटल कुलूप म्हणजे काय?

डिजिटल प्रतीची नक्कल काढण्यास खर्च येत नाही आणि नकलेची गुणवत्ताही घटत नाही. म्हणून निर्माते व वितरक मजकूर कूटबद्ध करतात आणि तो उलगडण्याची किल्ली ठरावीक उपकरणाला किंवा आज्ञावलीलाच देतात. कायद्याच्या भाषेत यांना तांत्रिक संरक्षण उपाय म्हटले जाते. त्यांचे सर्वसाधारणपणे दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार प्रवेश नियंत्रणाचा. उदाहरणार्थ, सेट-टॉप बॉक्समध्ये वर्गणी भरलेल्या वाहिन्याच दिसतात. दुसरा प्रकार प्रत नियंत्रणाचा. त्यात मजकूर वाचता येतो. पण त्याची नक्कल काढता येत नाही, तो छापता येत नाही किंवा दुसऱ्या उपकरणावर नेता येत नाही.

डीव्हीडी हे या व्यवस्थेचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी सहसा कूटबद्ध असत आणि जगाची विभागणी विभाग क्रमांकांत केलेली होती. अमेरिकेचा क्रमांक 1 होता, तर भारताचा 5. एका विभागात घेतलेली तबकडी दुसऱ्या विभागासाठीच्या यंत्रावर चालत नसे. नकलेला प्रतिबंध करण्याशी या विभागणीचा फारसा संबंध नव्हता. प्रत्येक देशात वेगळी किंमत आणि वेगळी प्रदर्शन तारीख ठेवता यावी, हा तिचा हेतू होता. अर्थशास्त्रात यास मूल्यभेद म्हणतात.

डिजिटल कुलपांचे लाभही लक्षात घेतले पाहिजेत. मासिक वर्गणीत हजारो गाणी ऐकविणाऱ्या किंवा चित्रपट अल्प भाड्याने दाखविणाऱ्या सेवा कुलपाशिवाय चालविणे अवघड झाले असते. भाड्याने घेतलेली वस्तू मुदत संपताच परत जावी, याची खात्री तेथे कुलूपच देते. लहान निर्मात्यालाही चौर्याविरुद्ध न्यायालयात जाण्यापेक्षा कुलूप बसविणे स्वस्त पडते.

तथापि, कुलूप व कायदा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. कायद्याला मुदत असते, कुलपाला नसते. 'श्यामची आई'च्या कुलूपबंद ई-प्रतीचे कुलूप पुस्तक खुले झाले म्हणून आपोआप उघडत नाही. कायदा वापरणाऱ्याचा हेतू पाहतो. कुलपाला चोर आणि संशोधक यांतील भेद कळत नाही. शिवाय विक्री झाल्यावरही विक्रेत्याचे नियंत्रण सुरूच राहते. 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '1984' व 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही ई-प्रती हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडल उपकरणांतून परस्पर काढून टाकल्या. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले. पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. छापील पुस्तकाचे दुकान बंद पडल्याने वाचकाच्या कपाटातील पुस्तक नाहीसे होत नाही.

जिनिव्हा येथील 1996 चे करार

कुलूप कितीही भक्कम असले तरी ते आज ना उद्या उघडले जाते. म्हणून कुलपालाच कायद्याचे संरक्षण द्यावे, अशी मागणी 1990 च्या दशकात पुढे आली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या विद्यमाने 20 डिसेंबर 1996 रोजी जिनिव्हा येथे दोन करार संमत झाले. त्यांपैकी एक लेखकांच्या हक्कांविषयी आणि दुसरा कलावंत व ध्वनिमुद्रण निर्मात्यांच्या हक्कांविषयी होता. हे दोन्ही करार 2002 मध्ये अंमलात आले.

पहिल्या कराराच्या अनुच्छेद 11 अन्वये सदस्य देशांनी प्रभावी तांत्रिक उपायांना बगल देण्याविरुद्ध पुरेसे कायदेशीर संरक्षण द्यावयाचे आहे. परंतु हा अनुच्छेद बारकाईने वाचल्यास त्यातील दोन अटी ध्यानात येतात. तांत्रिक उपाय लेखकाच्या हक्कांच्या वापराशी निगडित असला पाहिजे. तसेच, त्याने रोखलेली कृती लेखकाने संमत न केलेली आणि कायद्यानेही अनुमत नसलेली असली पाहिजे. याचा अर्थ, कायद्याने मुभा दिलेल्या वापरासाठी कुलूप उघडण्यास वाव ठेवण्याचे स्वातंत्र्य या कराराने सदस्य देशांना दिले होते. या स्वातंत्र्याचा वापर कोणी कसा केला, हे पुढील भागात पाहावयाचे आहे.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेने 1998 मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट संमत केला. त्याच्या कलम 1201 मध्ये तीन मनाया आहेत: प्रवेश नियंत्रणाचे कुलूप उघडण्यास मनाई, असे कुलूप उघडण्याची साधने तयार करण्यास व विकण्यास मनाई, आणि प्रत नियंत्रणाचे कुलूप उघडण्याच्या साधनांच्या व्यापारास मनाई. आर्थिक लाभासाठी जाणूनबुजून केलेल्या पहिल्या गुन्ह्यास 5 वर्षांपर्यंत कारावास व 5 लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रंथालये, सुरक्षा चाचणी, कूटलेखन संशोधन आदींसाठी कायद्यात अपवाद आहेत. परंतु ते अत्यंत तपशीलवार व अरुंद आहेत. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, कुलूप उघडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा होता, हे सिद्ध करण्याची आवश्यकता या कलमाच्या शब्दांत नाही.

याचे परिणाम लवकरच दिसू लागले. नॉर्वेतील जॉन लेक जोहान्सन या 15 वर्षांच्या मुलाच्या सहभागाने तयार झालेली डीव्हीडीचे कुलूप उघडणारी आज्ञावली 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर डीव्हीडी पाहता यावी, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगण्यात आले. स्वतः विकत घेतलेल्या तबकड्या पाहण्यात गुन्हा नाही, असे मानून नॉर्वेतील न्यायालयांनी 2003 मध्ये त्याला निर्दोष ठरविले. त्याच आज्ञावलीचा प्रसार करणाऱ्या अमेरिकी प्रकाशकाविरुद्ध मात्र तेथील न्यायालयांनी 2000 व 2001 मध्ये निर्णय दिला. एकच आज्ञावली, परंतु कायद्याच्या रचनेतील फरकामुळे निष्कर्ष वेगवेगळे निघाले.

2001 च्या जुलै महिन्यात दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन आज्ञावलीकाराला अमेरिकेत एका परिषदेत व्याख्यान दिल्यानंतर अटक झाली. त्याच्या कंपनीची आज्ञावली कुलूपबंद ई-पुस्तकांचे साध्या पीडीएफ प्रतीत रूपांतर करीत असे आणि रशियात ती बेकायदेशीर नव्हती. 2002 अखेर ज्यूरीने कंपनीला दोषमुक्त केले. पण या अटकेमुळे संगणक सुरक्षेच्या संशोधकांत भीती पसरली.

पुढे या कायद्याचा आधार पुस्तक किंवा चित्रपट यांच्याशी संबंध नसलेल्या वस्तूंसाठीही घेतला जाऊ लागला. एका प्रिंटर उत्पादकाने इतरांची टोनर कार्ट्रिज आपल्या यंत्रात चालू नयेत म्हणून, तर गॅरेजचे दार उघडणाऱ्या यंत्राच्या उत्पादकाने इतरांचे रिमोट चालू नयेत म्हणून या कायद्याखाली दावे केले. 2004 मध्ये दोन्ही प्रकरणांत अपील न्यायालयांनी उत्पादकांचा युक्तिवाद स्वीकारला नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे पूरक वस्तूंच्या बाजारपेठेचा प्रश्न होता. मूळ यंत्र स्वस्तात विकावयाचे आणि त्यासोबत लागणाऱ्या वस्तूंत व दुरुस्तीत मक्तेदारी राखावयाची, यासाठी लेखकांकरिता केलेल्या कायद्याचा उपयोग होऊ लागला होता.

कायद्यातील कठोरपणा सौम्य करण्यासाठी अमेरिकेत दर तीन वर्षांनी तात्पुरते अपवाद जाहीर केले जातात. त्यांची जबाबदारी अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखांवर आहे. 2006 मध्ये दुसऱ्या कंपनीची सेवा घेण्यासाठी मोबाईल फोन खुला करण्यास, 2015 मध्ये मोटारी व शेतीचे ट्रॅक्टर यांच्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडण्यास आणि 2024 मध्ये दुकानांतील व्यावसायिक खाद्ययंत्रांच्या दुरुस्तीस अशी सूट मिळाली. परंतु फोनची सूट 2012 च्या फेरीत नव्या फोनसाठी चालू ठेवण्यात आली नाही आणि ती पुन्हा देण्यासाठी 2014 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय ही सूट कुलूप उघडण्याच्या कृतीला मिळते, साधनांच्या विक्रीला मिळत नाही. शेतकऱ्याला आपल्या ट्रॅक्टरचे कुलूप उघडण्याची मुभा आहे. मात्र त्यासाठी लागणारी किल्ली बाजारात विकण्याची मुभा या सवलतीतून मिळत नाही.

भारताचा मार्ग: कलम 65अ

भारताने 1996 च्या करारांवर लगेच सही केली नाही. तथापि, चित्रपट, संगीत व आज्ञावली उद्योगांचे वाढते महत्त्व लक्षात घेता या करारांशी सुसंगत तरतुदी करण्याचे ठरले. स्वामित्वहक्क (सुधारणा) विधेयक 2010 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, संसदीय स्थायी समितीने त्याची छाननी केली आणि 2012 च्या मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. हा सुधारणा अधिनियम 21 जून 2012 पासून अंमलात आला. दोन्ही करारांत भारत त्यानंतर, 2018 मध्ये सहभागी झाला. म्हणजे कायदा आधी आणि करार नंतर, असा हा क्रम आहे.

या सुधारणेने दोन नवी कलमे आणली. कलम 65अ तांत्रिक उपायांना बगल देण्याविषयी आहे. कलम 65ब हक्क व्यवस्थापन माहितीविषयी आहे. कृतीचे शीर्षक, कर्ता, हक्कधारक इत्यादींची कृतीसोबत जोडलेली माहिती जाणूनबुजून व अधिकाराविना काढून टाकणे किंवा बदलणे हा त्यान्वये गुन्हा आहे. दोन्ही कलमांखाली 2 वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

कलम 65अ चा गाभा हेतूच्या अटीत आहे. या अधिनियमाने दिलेल्या हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेल्या प्रभावी तांत्रिक उपायास, त्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने बगल दिल्यासच गुन्हा घडतो. केवळ कुलूप उघडले म्हणून गुन्हा होत नाही. पोटकलम 2 मध्ये पुढील बाबी स्पष्टपणे वगळल्या आहेत:

1. या अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती;
2. कायदेशीररीत्या मिळविलेल्या कूटबद्ध प्रतीवर कूटलेखनाचे संशोधन;
3. कायदेशीर तपास;
4. मालकाच्या संमतीने संगणक प्रणालीची किंवा जाळ्याची सुरक्षा चाचणी;
5. वापरकर्त्याची ओळख पटविण्यासाठी वा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी असलेल्या तांत्रिक उपायास बगल देणे;
6. राष्ट्रीय सुरक्षेच्या हितार्थ योजलेले उपाय.

यांतील पहिला अपवाद सर्वांत व्यापक आहे. कलम 52 खाली जे करण्यास मुभा आहे, त्यासाठी कुलूप उघडल्यास कलम 65अ आड येत नाही. स्वतंत्रपणे तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीसोबत चालावी म्हणून आवश्यक माहिती मिळविणे हेही कलम 52 मध्ये अनुमत आहे. पाचवा अपवाद वाचकाच्या खासगीपणाची दखल घेतो. अमेरिकेप्रमाणे कुलूप उघडण्याच्या साधनांच्या व्यापारावर सरसकट बंदी या कलमात नाही. थोडक्यात, भारतीय कायद्याने कुलपाला स्वतंत्र हक्काचा दर्जा दिलेला नाही. स्वामित्वहक्क जेथवर पोहोचतो, तेथवरच कुलपाचे संरक्षण पोहोचते.

तरतुदीतील उणिवा

ही रचना समतोल असली तरी परिपूर्ण नाही. पहिली उणीव व्याख्येची आहे. 'प्रभावी तांत्रिक उपाय' म्हणजे काय, हे अधिनियमात सांगितलेले नाही. त्यामुळे दुरुस्ती किंवा पूरक वस्तूंची विक्री रोखण्यासाठी बसविलेले कुलूप या संज्ञेत येते की नाही, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालयावर सोपविले गेले आहे.

दुसरी उणीव म्हणजे मुभा आहे, पण साधन नाही. सामान्य वाचकाला, शिक्षकाला किंवा ग्रंथपालाला कूटबद्ध मजकूर स्वतः उलगडता येत नाही. त्याला तंत्रज्ञाची मदत लागते. अशी मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळख पटविणारा तपशील व हेतू यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट पहिल्या अपवादाला जोडलेली आहे. दुरुपयोग टाळणे हा त्यामागील उद्देश असला, तरी या जोखमीमुळे लहान ग्रंथालय किंवा दुकानदार असे काम हाती घेण्यास धजावणार नाही. युरोपीय संघाच्या 2001 च्या निदेशातील अनुच्छेद 6 ने वेगळा मार्ग धरला. ठरावीक अपवादांचा लाभ पात्र वापरकर्त्यांना मिळावा यासाठी हक्कधारकाने साधन उपलब्ध करून द्यावे आणि त्याने स्वेच्छेने तसे न केल्यास सदस्य देशाने उपाय योजावेत, असे तेथे म्हटले आहे. भारतात हक्कधारकावर असे बंधन नाही.

तिसरी उणीव हक्कधारकांच्या बाजूने मांडली जाते. उद्देश सिद्ध करणे कठीण असते, साधने विकणारे सुटतात आणि कलम 65अ फौजदारी स्वरूपाचे असून त्यात नुकसानभरपाईचा उल्लेख नाही. चित्रपट प्रदर्शित होताच त्याची नक्कल सर्वत्र पसरत असताना हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, मूळ हक्कभंगासाठी कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षे कारावास व 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आणि स्वतंत्र दिवाणी उपाय उपलब्ध आहेतच. चौर्य रोखण्याचे मुख्य साधन तेच असावयास हवे.

दृष्टिहीन वाचकाचा प्रश्न

या सर्व चर्चेची खरी कसोटी दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत लागते. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीमुळे दृष्टिहीनांसाठी ज्ञानाचे मोठे दालन खुले झाले. परंतु ई-पुस्तकाचे कुलूप अनेकदा या आज्ञावलीलाही मजकुरापर्यंत पोहोचू देत नाही. पुस्तकाचे पैसे भरूनही ते वाचता येत नाही आणि रूपांतरित प्रत मिळेपर्यंत परीक्षेची तारीख थांबत नाही.

2012 च्या सुधारणेने कलम 52 मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती विनानफा तत्त्वावर तयार करण्यास मुभा दिली आणि व्यावसायिक तत्त्वावरील कामासाठी कलम 31ब अन्वये सक्तीच्या परवान्याची सोय केली. 27 जून 2013 रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे दृष्टिहीन व मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्यास 2014 मध्ये अनुसमर्थन देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. हा करार 2016 मध्ये अंमलात आला. तांत्रिक कुलपांना दिलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे लाभार्थींना या सवलतीपासून वंचित राहावे लागू नये, याची तजवीज त्याच्या अनुच्छेद 7 ने केली आहे. त्याच वर्षी भारतात 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाईन ग्रंथालयही सुरू झाले. येथे कलम 65अ मधील पहिला अपवाद आणि कलम 52 एकत्र वाचले, की कुलूप उघडून सुलभ प्रत काढण्याचा मार्ग कायद्याने मोकळा असल्याचे दिसते. उरतो तो साधनांचा आणि वेळेचा प्रश्न.

पुढील दिशा

वरील उणिवा दूर करण्यासाठी काही उपाय सुचविता येतात. 'प्रभावी तांत्रिक उपाय' या संज्ञेची व्याख्या करताना हक्कांच्या संरक्षणाशी संबंध नसलेली कुलपे तीतून वगळावीत. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व तीत शेती उपकरणे, मोबाईल, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने ही क्षेत्रे घेतली. त्या प्रयत्नांस अशा व्याख्येमुळे बळ मिळेल. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना व दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना अधिकृत साहाय्यक म्हणून नोंदवून नोंदी ठेवण्याचा भार त्यांच्यापुरता सुटसुटीत करता येईल.

1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य निर्दिष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावयाची असते. मुद्रित पुस्तकांच्या काळातील या तत्त्वाचा विस्तार करून ई-पुस्तकाची एक कुलूपरहित प्रत जतनासाठी जमा करण्याची व्यवस्था झाल्यास स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावर ती समाजाला खात्रीने उपलब्ध होईल.

निर्मात्याला मोबदला मिळालाच पाहिजे. अन्यथा नवी निर्मिती थांबेल. परंतु मक्तेदारी मुदतीची असावी आणि तीत विद्यार्थी, संशोधक व दिव्यांग यांचा वाटा राखलेला असावा, हे ठरविणे संसदेचे काम आहे. ते कुलूप तयार करणाऱ्या कंपनीवर सोपविता येत नाही. कलम 65अ मधील उद्देशाची अट म्हणूनच महत्त्वाची आहे. भविष्यात व्यापारविषयक वाटाघाटींत ही अट काढून टाकण्याचा आग्रह झाल्यास, तिच्यामुळे कोणाचे कोणते हक्क शाबूत आहेत, हे वाटाघाटी करणाऱ्यांनी व जनतेने जाणून असणे आवश्यक आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

1. स्वामित्वहक्काची मुदत आणि डिजिटल कुलूप यांतील विसंगती उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. अमेरिकेचे कलम 1201 आणि भारताचे कलम 65अ यांची हेतू, साधने व अपवाद या तीन निकषांवर तुलना करा.
3. 'मुभा आहे, पण साधन नाही.' कलम 65अ च्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
4. माराकेश करारातील अनुच्छेद 7 चे महत्त्व भारतातील दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशद करा.
5. पूरक वस्तूंची बाजारपेठ व दुरुस्तीचा हक्क यांवर डिजिटल कुलपांचा काय परिणाम होतो? उपाय सुचवा.